तीन घावांचा राक्षस

“आई, राक्षस गदा उचलून ओरडला की पळू नकोस, पुढे घुस. मी बाहेर येईपर्यंत त्याला पाड.” स्वतःच्या ऑपरेशनला आत जाताना रेवाने गेम सुरू असलेला मोबाइल दिला आणि शालिनीबाईंनी शब्द दिला. त्या दहादा पळाल्या, दहादा मेल्या.

“लेक आत, आणि तुम्ही गेम खेळताय?” शेजारच्या खुर्चीतल्या बाई म्हणाल्या.

“बघा, इथं राक्षसाची गोष्ट लिहिलीय. मेल्यानं अमर व्हायला बारा वर्षं उपास धरला आणि पारण्याच्या आदल्या दिवशी फणस हादडला! अर्धाच वर मिळाला. तीन घाव घातले की धाप लागते, ती लपवायला ओरडतो.” बोलताना शालिनीबाई थबकल्या. “आणि याला मी भ्यायले? माझा एक सोमवार चुकलेला नाही!”

दारावरचा लाल दिवा पेटलेलाच होता. त्यांनी पदर खोचला. राक्षसाचे तीन घाव घालून झाले, गदा उचलून तो ओरडला. शालिनीबाई शांतपणे पुढे निघाल्या.