नऊ वर्षांचं बूच

चिकलठाण्याच्या, बाटल्यांची बुचं विकणाऱ्या कंपनीतला बन्सी पहिली ऑर्डर मिळवायला पिशोरला, वच्छलाबाईंच्या तेलघाण्यावर आला. बाईंनी आधी त्याच्या हातात भाजलेलं मक्याचं कणीस दिलं. ते खाता खाताच त्यानं परदेशी बुचाचा नमुना पुढं केला.

"मावशी, हे झाडाच्या सालीचं बूच. झाड तोडायचंच नाही, नुसती साल सोलायची. नऊ वर्षांनी ती पुन्हा येते. प्लॅस्टिकच्या झाकणापेक्षा लई भारी!"

"नऊ वर्षं?" वच्छलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "लई धीराचं झाड हाय रं लेकरा!"

बन्सीला वाटलं, जमलं. त्यानं खिशातून पेन काढलं. "मग किती लिहू, मावशी?"

बाईंनी त्याच्या हातातलं दाणे संपलेलं कणीस घेतलं आणि उन्हात वाळत घातलेल्या कणसांच्या रांगेत ठेवलं. मागं फळीवर करडईच्या तेलाच्या बाटल्या होत्या. एकूण एक बाटलीच्या तोंडात वाळक्या कणसाचा तुकडा घट्ट बसवलेला होता.



"आमचं बूच तीन महिन्यांत येतं, बाबा. अन् तुझ्यासारखं कुणी आलं, की दाणे काढायची मेहनत बी वाचती."