मृण्मयीचा पाळणा

गीतकार शलाकानं आपल्या लेकीच्या बारशासाठी स्वतः पाळणा लिहिला होता. प्रत्येक कडव्यात लेकीचं नाव होतं, मृण्मयी. बायकांनी कागद हातात घेतले, पहिली ओळ नीट म्हटली आणि दुसऱ्याच ओळीला सगळ्या ‘लारी तुमा’ या गाण्यावर घसरल्या.

यंत्रानं रचलेल्या त्या गाण्यात एकाही शब्दाला अर्थ नव्हता. तरी वर्षभरात ते जगभर सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. तेव्हापासून शलाकाकडे कुणी गाणं मागितलं नव्हतं.

“अहो, कागदात बघून म्हणा ना!” ती चिडली.

“बघूनच म्हणतोय की गं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर खरंच कागदावर होती.

मग नणंद वृंदा पाळण्यावर वाकली. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तिनं ‘कुर्रर्र’ केलं आणि म्हणाली, “लारी तुमा.”

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. “गोड नाव ठेवलंस गं!”

“थांबा! हे तिचं नाव नाही,” शलाका ओरडली. “तिचं नाव...”

सगळ्या तिच्याकडे बघत राहिल्या. शलाकाच्या तोंडून जे बाहेर पडलं, ते त्याच गाण्याच्या चालीत होतं. आणि पाळण्यातल्या बारा दिवसांच्या बाळानं पुढची ओळ धरली.