पंचविसाची रेघ

"पस्तीस? मागच्या वेळी बेचाळीस होतं ना रे, प्रशांत?" त्र्यंबकराव गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होते. "बरं. हेमांगीला यातलं काही कळता कामा नये."

आत चहा गाळणारी हेमांगी तशीच थांबली.

ठाण्यातल्या एका फंड कंपनीत ती गणिती मॉडेलं बांधायची. कुठला शेअर किती पडेल आणि पडताना आणखी कोणाकोणाला खाली ओढेल, हे आधीच सांगणं हे तिचं काम. इतक्या वर्षांत घसरणारा आकडा कानावर आला की तिला बाजारच दिसायचा. बाबा या वयात शेअर खेळताहेत, हे तिला तिथेच, गाळणं हातात धरून कळलं.

का, तेही कळलं. आई शेवटचा महिनाभर व्हेंटिलेटरवर होती. डॉक्टर नुसती मान हलवायचे आणि हेमांगी रोज म्हणायची, "अजून एक दिवस बघू." त्या महिन्यात बाबांची निम्मी शिल्लक गेली. ती भरून काढायची असणार, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिने बेचाळीसवरून पस्तीसवर आलेले शेअर शोधले. चार सापडले. चारही भंगार. बाबा हल्ली पलंगावर उशांना टेकून, बसूनच झोपायचे, त्याचाही उलगडा झाला. पैसे अडकलेल्या माणसाला आडवं पडून झोप येत नाही.

रविवारी पोहे खाताना तिने विषय काढला.

"बाबा, हा प्रशांत कोण?"

"आमच्या ऑफिसातल्या साठ्यांचा मुलगा. ठाण्यात, खोपटला बसतो."

"मला सगळं कळलंय."

त्यांचा चमचा हवेतच राहिला. "काय कळलं?"

"खाली येतंय ना? तुमचं किती अडकलंय त्यात?"

त्र्यंबकरावांनी चमचा बशीत ठेवला. मग हसले. "तसं बघितलं तर सगळंच, अगं."

"आणि हसताय काय! माझ्याशी नाही का बोलायचं? घरात मुलगी याच धंद्यात आणि तुम्ही खोपटला जाता!"

"मग आता सांग. पडायला लागलं की तुम्ही लोक काय करता?"

"डोकं शांत असतानाच एक रेघ ठरवून ठेवतो. आकडा तिथे आला की संपलं, विकून मोकळं व्हायचं. उद्या वर येईल, परवा येईल, असलं मनातही आणायचं नाही. त्या उद्यापायीच माणसं बुडतात."

"आणि ऐन वेळी मन फिरलं तर?"

"फिरतंच. म्हणून बटण आपल्याकडे ठेवायचं नाही. ज्याचा जीव अडकलाय त्याच्या हातात तर नाहीच नाही."

त्र्यंबकरावांनी पोह्यातली मिरची शांतपणे बाजूला काढली. "तू मोडलास कधी हा नियम?"

"बाजारात? कधीच नाही."

"शाबास. मग माझी रेघ पंचवीसला मारू?"

"मारा. पण तोंडी सांगू नका. त्या प्रशांतला लेखी द्या, साक्षीदारांच्या सह्या घेऊन. नाहीतर हे लोक ऐन वेळी हात वर करतात."

"बरं बाई. उद्याच देतो."

तिने त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. बाबांनी पहिल्यांदाच तिच्या कामातलं काही विचारलं होतं. तिला फार बरं वाटलं.

गणपती होऊन गेले आणि एका सकाळी त्र्यंबकराव न्हाणीघराच्या दारात कोसळले. डोंबिवलीत घराजवळच्या डॉक्टरांनी लगेच ठाण्याला हलवायला सांगितलं. अतिदक्षता विभागाच्या काचेतून हेमांगीला त्यांची वरखाली होणारी छाती तेवढी दिसत होती.

"श्वास पुरत नाहीये त्यांना," तरुण डॉक्टरीण म्हणाली.

"मग मशीन लावा ना! वाट कसली बघताय?"

"मोठे डॉक्टर येताहेत."

"अहो, ते येईपर्यंत..." हेमांगीने तिचा हात घट्ट धरला. "एक दिवस. फक्त एक दिवस बघू."

मोठे डॉक्टर आले. चाळिशीचे, गळ्यात स्टेथोस्कोप. त्यांनी हळूच तो हात सोडवला आणि तिला बाकावर बसवलं.

"मशीन नाही लावता येणार, हेमांगीताई. काकांनी मला लेखी दिलंय, साक्षीदारांच्या सह्या घेऊन. मी प्रशांत साठे." ते तिच्या शेजारी बसले. "त्यांच्या हृदयाचं पंपिंग आज बावीस टक्क्यांवर आलंय. पंचवीसला थांबायचं, हे तुमच्याशी बोलूनच ठरवलं म्हणाले."