अर्धा इंची नळजोडणी

आप्पा आइसलंडमध्ये धबधब्यासमोर रडले. तसं काही झालेलं नाही. ते तुषार होते, असं त्यांनीच सांगितलंय.

ज्वालामुखीचे काळे डोंगर दाखवायला मी त्यांच्यासाठी दिवसभराची गाडी केली होती. आप्पा एकतीस वर्षं नगरपालिकेत व्हॉल्व्हमन होते. पाऊण तास झाला की पाणी बंद करायचे आणि गल्लीभर शिव्या खायचे.

धबधबा दिसताच म्हणाले, “प्रेशर बघ, पोरी.” मग घड्याळ लावून बसले. पाऊण तास झाला. “विचार त्याला, हा बंद कोण करतं?”

ड्रायव्हर म्हणाला, कुणीच नाही.

आप्पांनी चष्मा पुसला आणि गाडीतल्या अभिप्रायवहीत लिहिलं: “महोदय, सदर धबधब्यावरून वॉर्ड क्रमांक सहाला अर्धा इंची नळजोडणी मिळावी. व्हॉल्व्ह बसवू नये, ही नम्र विनंती.”