कचरा सोडून सगळं

“साध्या माणसाला विंडोजच हवी,” ताई तिसऱ्यांदा म्हणाली. “अडलं तर शेजारचा कुणीही येऊन सांगेल. तुझ्या लिनक्सचं त्यांनी कुणाला विचारायचं? तुला? तू फोन तरी उचलतोस का?”

“साधा माणूस, साधा माणूस! साध्या माणसाचं हे मशीन म्हातारं झालंय त्याचं काय?” धाकटा भाऊ कॉम्प्युटरच्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. “नवी विंडोज याला पेलायची नाही. लिनक्स टाकली की पळेल बघ. वर फुकट.”

“हो ना, फुकट ते पौष्टिक!”

ज्या साध्या माणसावरून हे रणकंदन चाललं होतं, ते बाबा मागे स्टुलावर बसले होते. त्यांची खुर्ची मुलानं घेतली होती आणि टेबलाची कड मुलीनं. मांडीवर पाटी. घशाचं ऑपरेशन होऊन आवाज गेला, तेव्हापासून ही पाटी आणि हा कॉम्प्युटर, एवढ्यावरच त्यांचं बोलणं चाले. त्याआधी या माणसानं हाक मारली की गल्लीच्या टोकाची कुत्री उठून बसायची. ऑपरेशन ठरलं तसं त्यांनी दार लावून घेऊन आपली रोजची वाक्यं रेकॉर्ड करून ठेवली. आता बटण दाबलं की त्यांच्याच आवाजात घरभर ऐकू जाई: ‘अगं, माझा चष्मा पाहिलास का?’ ‘मीठ कमी आहे, पण चालेल.’ ‘आलो गं, आलो!’ आईला पाटी मुळीच आवडत नसे. पाटीशी भांडायला मजा येत नाही, म्हणायची.

पाटीची खोडच तशी. वाक्य लिहून होईपर्यंत समोरचं भांडण चार घरं पुढे गेलेलं असायचं.

“सगळं उचललंस ना नीट?” ताईनं विचारलं. “पुसलं की गेलं.”

“मी काय दूधखुळा आहे? फोटो, बँकेची कागदं, पत्रं, सगळं पेन ड्राइव्हवर घेतलंय. बाबांचा आवाज तर सगळ्यात आधी, ‘आवाज’ नावाचं फोल्डरच होतं. ‘कचरा’ म्हणून एक होतं ते तेवढं सोडलं. कचरा कशाला बरोबर न्यायचा?”

बाबा स्टुलावरून ताडकन उठले.

सुट्टीत नातीनं खेळता खेळता ‘जेवलीस का?’ पुसून टाकलं होतं. पोरीला काय बोलणार! म्हणून बाबांनी डोकं लढवलं. चांगली चांगली वाक्यं एका नव्या फोल्डरमध्ये हलवली आणि त्याला नाव दिलं ‘कचरा’. कचऱ्याला कोण हात लावतंय? स्वतःच्या हुशारीवर ते भारी खूश होते. जुन्या ‘आवाज’मध्ये उरला होता तो नुसता खोकला आणि फसलेल्या सुरुवाती.

त्यांनी टेबलावर थाप मारली.

“बघ, तुझ्या किरकिरीचा त्रास होतोय त्यांना,” धाकटा म्हणाला.

बाबांनी लिहिलं, ‘थांब’. पाटी दोघांच्या मधोमध धरली.

“हेच सांगतेय मी मघापासून!” ताई उसळली. “बाबांनाही नकोय तुझी लिनक्स!”

“त्यांना काय कळतंय त्यातलं? तूच कान भरलेस त्यांचे. लहानपणापासून हेच. जे काही खरं ते तुझंच!” आणि त्या रागाच्या भरात त्यानं बटण दाबलं. पडद्यावर निळी पट्टी सरकू लागली.

बाबांनी बाहीनंच पाटी पुसली. लिहिता लिहिता खडू मोडला, तुकड्यानं पुढचं लिहिलं. मुलाच्या खांद्याला धरून हलवलं. “एक मिनिट, बाबा, आता मध्ये नको.” मुलीपुढे पाटी धरली, तर ती भावाकडे वळून लहानपणाचा हिशेब चुकता करत होती. पट्टी निम्म्याच्या पुढे गेली. छाती फुटेस्तोवर बोंबलावं असं बाबांना वाटलं. तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

मग ते वाकले आणि त्यांनी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. दोघं एकदम ओरडली आणि एकदमच गप्प झाली, कारण पाटी आत्ता कुठे त्यांच्या नजरेस पडली होती. ‘माझा आवाज कचऱ्यात आहे.’

धाकट्यानं घाईघाईनं वायर परत लावली. आतला पंखा घरघरला. तिघंही पडद्याकडे बघत राहिली. बऱ्याच वेळानं पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली. डिस्कवर काहीही सापडलं नाही.

“काढता येतं परत,” तो म्हणाला. “म्हणजे, एखाद वेळेस येतं. मी बघतो ना. मी...” ‘तरी मी सांगत होते’ हे ताईच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं आणि भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“अहो, वाढतेय हं मी!” आईनं आतून हाक दिली.

बाबांचं बोट सवयीनं की-बोर्डकडे गेलं आणि मागे आलं.

“अहो!”

“बाबा, तुम्ही म्हणाल ती टाकतो,” धाकटा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. “सांगा ना. कुठली टाकू?”

बाबांनी पाटी स्वच्छ पुसली. ‘आता कुठलीही टाक’ असं लिहून ती की-बोर्डवर ठेवली आणि ते स्वयंपाकघरात गेले.

“आलात होय?” आईचा आवाज आला. “मग ओ द्यायला काय झालं होतं?”