दगडातला माणूस

"धैर्य म्हणजे मनाची स्थिरता," फेरेक्लेस मोठ्याने वाचत होता. अर्खिप्पे मांडीवरच्या टोपलीत मसूर निवडत होती. चार ओळी झाल्या आणि तिचा हात थांबला.

"सगळं खरं आहे रे," ती धाकट्या भावाला म्हणाली. "पण ह्यात मेलित्ताचे बाबा कुठे आहेत?"

"ताई, शब्दन् शब्द त्यांच्या शिकवणीतला आहे."

"त्यांनी कधी कुणाला शिकवलं? नुसतं विचारून विचारून भंडावायचे. लग्नाच्या दिवशी मला विचारलं, डाळिंब गोड असतं की आपली जीभ. मी घास धरून तशीच बसले."

अंगणात मेलित्ता मातीच्या बाहुलीला निजवत होती. तापात अरिस्तोनूस गेला तेव्हा ती रांगत होती. बाप म्हणजे वेशीबाहेरच्या थडग्यावर कोरलेला पुतळा, एवढंच तिला ठाऊक. आई त्याला लोकरीची फीत बांधायची, तेल वाहायची. परवा पोरीने विचारलं होतं, "त्या दगडातल्या माणसाला थंडी वाजते का गं?" त्याच संध्याकाळी अर्खिप्पेने भावाला नवऱ्याविषयी लिहायला बसवलं होतं.

"त्यांचं नेमकं बोलणं आता आठवत नाही, ताई. मनाने लिहिलं तर लोक म्हणतील, मेलेल्या गुरूच्या तोंडी हा आपलंच घालतोय."

"म्हणू देत. इतकी वर्षं त्यांच्यामागे हिंडलास ना? काय म्हणाले ते आठवू नकोस. काय म्हणाले असते, ते ऐक."

फेरेक्लेसने पाटीवरचं मेण अंगठ्याने सपाट करून लिहिलेलं पुसलं.

द्राक्षं उतरल्यावर तो परत आला. ह्या खेपेला त्याच्या लिखाणात दोन माणसं बोलत होती. एक पिरेयस बंदरातला तांडेल, दुसरा अरिस्तोनूस. तांडेलाचं तो दरडावून वाचायचा. मेहुण्याचं हळू, आधी थोडं खाकरून. ते खाकरणं ऐकलं आणि अर्खिप्पेने तोंड फिरवलं.

"'जो घाबरत नाही तो शूर,' तांडेल म्हणाला. अरिस्तोनूस म्हणाला, 'मग हे मडकंही शूरच की. हातातून सुटलं तरी घाबरत नाही. खरं ना?'"

फेरेक्लेस थांबला. तांडेलाचं उत्तर त्याने अजून लिहिलं नव्हतं.

मेलित्ताने बाहुली खाली ठेवली.

"असं काय हो, बाबा," ती म्हणाली. "मडक्याला कुठे ठाऊक असतं, आपण फुटणार ते?"