मिस्त्रीच्या हातची गाडी

"स्प्रिंगच्या मुख्य पाट्याला तडा गेलाय. ही गाडी आज हलणार नाही," मिस्त्री गाडीखालूनच म्हणाला.

मॅनेजरने कपाळाला हात लावला. "संध्याकाळी दोन्ही गाड्या माल घेऊन निघाल्याच पाहिजेत."

"मग नवा पाटा आणा."

"स्टोअरमध्ये असता तर तुमची बोलणी ऐकत उभा राहिलो असतो का?"

गाडीचा ड्रायव्हर बाजूला उभा होता. तो मिस्त्रीचा धाकटा मुलगा. थोरलाही याच कंपनीत ड्रायव्हर होता. घाट उतरताना त्याच्या गाडीचा पुढचा पाटा तुटला, एक्सल जागचा सरकला आणि स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं झालं. तेव्हापासून मिस्त्री प्रत्येक गाडीचा एकेक पाटा हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा. त्याने मान हलवल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर पडत नसे. ड्रायव्हर मंडळी पाठीमागे त्याला खडूस म्हणत, आणि त्याच्याच जिवावर घाटात निर्धास्त गाणी लावत.

धाकट्याशी मात्र तो धड बोलत नसे. नोकरीच्या पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणाला होता, "एक गेला, आता तूही जा." ते शब्द मुलाच्या मनात कुसळासारखे रुतून बसले होते.

मिस्त्री हात पुसत मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला. काचेआड बराच वेळ तणतण चालली. आवाज बाहेर येत नव्हता, नुसते हातवारे दिसत होते. मग मिस्त्रीचे हात खाली आले.

"घरी जाऊन जेवून ये," बाहेर येऊन तो मुलाला म्हणाला.

"थांबतो ना. हाताखाली कुणी लागेल तुम्हाला."

"नको म्हटलं ना! जा."

मुलगा परतला तेव्हा उन्हं कलली होती. दोन्ही गाड्यांवर लोखंडी सळया चढवून झाल्या होत्या, आणि त्याच्या गाडीचा पाटा बदललेला होता.

"कुठून मिळाला, बाबा?"

"मिळाला. तुला काय करायचंय?"

तेवढ्यात दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर लंबू कंबरेवर हात ठेवून लंगडत आला. त्याची कंबर धरली होती, पण तोंड शाबूत होतं. "काका, पोराचे नुसते लाड चाललेत! माझी गाडीपण बघितलीत ना?"

"बघितली," मिस्त्री हातातल्या फडक्याची घडी घालत म्हणाला. "हळू जा रे."

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," लंबू डोळा मारत म्हणाला.

फाटकापासून थोडं पुढे, चहाच्या टपरीपाशी दोघे थांबले. आपापसात गाड्या बदलायला कंपनीची सक्त मनाई होती, म्हणून त्या नेहमी इथेच बदलल्या जात. लंबूच्या गाडीची सीट पार बसली होती. मिस्त्रीच्या मुलाची सीट नवी होती.

"तू माझी घे. या कंबरेने तुझ्या सीटवर उतार काढशील, तर खाली उचलूनच काढावं लागेल तुला," मुलगा म्हणाला. लंबूने फार आढेवेढे घेतले नाहीत.

घाटमाथा ओलांडून मुलगा उताराला लागला. लंबूची गाडी वळणावर जराशी एका बाजूला ओढत होती. हा माणूस गाडी चालवतो की नांगर, असं म्हणून तो स्वतःशीच हसला.

समोर अडकवलेला फोन वाजला. बाबा. बाबा कधीच फोन करत नसत. त्याने स्पीकर चालू केला.

"कशी चाललीय गाडी?" मिस्त्रीने विचारलं.

"मस्त. तुम्ही झोपा आता."

"मघाशी तुला नीट निरोपही दिला नाही."

"असू द्या हो, बाबा. आणि रागावू नका, पण तुम्ही पाटा बदललेली गाडी लंबूला दिलीय. बिचाऱ्याची कंबर... मी त्याची घेतली. मला काय, दोन्ही तुमच्याच हातच्या."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"बाबा?"

"उतार लागला?"

"केव्हाच. अर्धा संपलासुद्धा."

"बाळा," मिस्त्री म्हणाला, "लंबूचा चांगला पाटा काढून तुला लावला होता मी. तुझा तडकलेला त्याच्या गाडीला आहे."